पंख्यात काय काय अडकलं

गुरुवार, १२ मार्च

प्रिय ज्ञानेश,

तुझ्या दादांचा फोन तू उचलतोस आणि या वहिनीचा नुसता वाजू देतोस, हे मला माहीत आहे. गेल्या पाच महिन्यांत नऊ-दहा वेळा तरी लावला असेल. पत्र कट करता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस. सकाळपासून हात पाण्यात होते, बोटं अजून सरळ होत नाहीत.

आधीच सांगते, माझं डोकं फिरलेलं आहे. या बोटीने माझा जीव मेटाकुटीला आणलाय. धरणाच्या या काठावर आपली पाच घरं, त्या काठावर डांबरी रस्ता, आणि मध्ये पंधरा मिनिटांचं पाणी. हे मी तुला कशाला सांगते आहे, पण सांगितल्याशिवाय माझा राग नीट बाहेर पडत नाही. रस्त्याने फुलं न्यायची म्हणजे सगळ्या पाण्याला वळसा घालून दीड तास, आणि खड्ड्यांनी निम्मा झेंडू क्रेटमध्येच चेंगरतो. म्हणून पाच घरांनी मिळून बोट घेतली. तूच शोधून आणलीस, चार वर्षं तूच चालवलीस. आम्हाला वाटायचं, त्यात काय आहे, दोरी ओढायची, दांडा धरायचा आणि वारा खात बसायचं. आता दांडा माझ्या हातात आलाय, तेव्हा कळतंय.

तू गेल्यापासून एक दिवस मी आणि एक दिवस गोटीराम तात्यांचा पुतण्या जीवन, अशी पाळी चालू आहे. जीवन पोरगा वाईट नाही, पण इंजिनाशी त्याची ओळख नाही. कानात गाणी घालून बसतो. पाण्याखालचा पंखा जड चालला की तू लगेच हात सैल सोडायचास, हा उलट आणखी जोर देतो. आणि माझ्या पाळीला तर पाण्यातलं सगळं भंगार माझीच वाट बघत असतं. नोव्हेंबरात पहिल्यांदा मल्चिंग पेपर अडकला. कुणीतरी शेतातला फाटका कागद काठावर टाकून दिला, वाऱ्याने पाण्यात आला आणि पंख्याला असा लपेटला की इंजिन दोनदा गुरगुरलं आणि बंद. डिसेंबरात ठिबकची नळी. मग कुणाच्या तरी द्राक्षबागेवरची पाखरांची जाळी, दहा-बारा हात लांब. ती इथवर कशी आली हे दिंडोरीवाल्यांनाच विचारायला हवं. संक्रांतीनंतर साडी, चांगली काठापदराची. मी ती धुऊन वाळत घातली तर आई म्हणाल्या, "कुनाची हाय, कशी पान्यात आली, काय ठावं? घरात नको आनू." पुन्हा नेऊन झाडाला बांधून आले. एकदा तर मासे धरायचं जाळं अडकलं. जाळ्याचा मालक काठावरून मला शिव्या देत होता आणि मी बोटीतून त्याला, आणि दोघांच्या मध्ये पंखा हूं की चूं करत नव्हता.

दर वेळी तोच सोहळा. इंजिन बंद करायचं, जिच्याशिवाय इंजिन चालू होत नाही ती चावीची लाल दोरी काढून गळ्यात घालायची, इंजिन वर उचलून अडकवायचं, मागच्या फळीवर पोट टेकून ओणवं व्हायचं आणि विळ्याने एकेक वेढा कापत बसायचं. बोट तेवढ्यात वाऱ्याने भलतीकडे जाते. बोटीतल्या माणसांना दुसरं काम नसतं, ती सल्ले देतात. नवसाबाईचं आपलं ठरलेलं, "उलटं फिरव ना गं उज्वला, लय सोपं हाय." मी म्हटलं, मावशी, या, तुम्हीच फिरवा. तर म्हणे, माझे गुडघे धरलेत. परवा ओणवी झाले असताना चष्मा पाण्यात पडला. हे पत्र जुन्या चष्म्याने लिहिते आहे, ओळी वर-खाली गेल्या तर त्याला मी काय करू.

तू हे सगळं चार वर्षं केलंस आणि घरी येऊन एकदाही बोलला नाहीस. ओले हात आणि कापलेली बोटं घेऊन यायचास, आणि मी चुलीपुढून विचारायचे की भाकऱ्या गार झाल्या, होतास कुठे. एवढंच विचारायचे. मला त्याची आता लाज वाटते.

तिकडे काय चाललंय ते दादांकडून कळतं. इंदिरानगरच्या त्या मोठ्या सोसायटीत पाण्याच्या पंपावर आहेस म्हणे. सकाळी बटण दाबायचं, टाकी भरली की पुन्हा दाबायचं. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून प्लगला काजळी धरलीय की पेट्रोलमध्ये पाणी आलंय ते सांगणारा माणूस बटणं दाबत बसलाय, हे ऐकून मला संताप येतो, आणि तो कुणावर काढावा हे मला कळत नसे. आता कळतंय, पण त्याकडे येते.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मारुतीच्या ओट्यावर बैठक आहे. पाडवा आठवड्यावर आलाय, फुलं तयार आहेत, आणि एक दिवस ही, एक दिवस तो, असं किती दिवस चालवायचं, असं तात्यांचं म्हणणं. लाल दोरी कायमची जीवनच्या हातात द्यायची, हे त्यांनी मनात पक्कं केलंय. तुझ्या हातून ती गेली तेव्हा त्यांनी निदान, पुढे बघू, असं म्हटलं होतं. रविवारनंतर ते बघणंही संपेल, आणि तुला या काठावर परत यायला काही कारण उरणार नाही. दादांनी तुला फोनवर हे सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "द्या त्याला." तेवढंच. ते ताटावरून तसेच उठले आणि गोठ्यात जाऊन बसले. मी भांडी घासत राहिले.

मी लग्न होऊन आले तेव्हा तू चौथीत होतास. आईंनी मला तुला भाऊजी म्हणायला लावलं होतं. नाक पुसत शाळेत जाणाऱ्या पोराला महिनाभर मी भाऊजी म्हटलं आणि मग सोडून दिलं. तुझी पाटी मी घासली, तुझ्या पोटदुखीला ओवा मी चावायला लावला, बारावीत नापास झालास तेव्हा आईंच्या आधी मी तुला फटकावलं. माझ्या तोंडाला सगळी वस्ती घाबरते, पण तू कधी घाबरला नाहीस. वहिनी ओरडते म्हणजे आपलं समजून ओरडते, असं तू शेजाऱ्यांना सांगायचास. त्यामुळे खंडेनवमीच्या संध्याकाळी बैठकीत मी उभी राहिले, तेव्हा तू माझ्याकडे ज्या नजरेने बघितलंस ती मला विसरता येत नाही. तुला वाटलं असेल, ही आता माझ्या बाजूने बोलेल.

तो दिवस आपण दोघांनीही पाहिलाय, तरी मला तो सुरुवातीपासून लिहू दे, कारण तुला त्यातला निम्माच माहीत आहे. दसऱ्याच्या बाजाराची पाचही घरांची फुलं त्या एका सकाळी पलीकडे जायची होती. चाळीस क्रेट. पावसाने आधीच निम्मा झेंडू खाल्लेला, जे उरलं होतं ते एवढंच. रस्त्यावर बहिरू पिकअप घेऊन थांबलेला. तू निघालास, आणि पाण्याच्या मधोमध इंजिन बंद पडलं. चालू केलं की चालू व्हायचं, गियरमध्ये टाकलं की बंद. वाऱ्याने बोट वाहत जाऊन त्या बुडालेल्या बाभळींत शिरली. तिथे फोनला रेंज नाही. मासेमाऱ्यांनी ओढून आणलं तेव्हा दुपार झालेली, आणि उन्हात क्रेटमधली फुलं आतून तापून काळी पडलेली. बहिरू केव्हाच निघून गेला होता. तुला आठवतंच आहे.

संध्याकाळी बैठक. पंख्यातून पाणवेल निघाली होती, ती सगळ्यांनी बघितली होती. तात्या म्हणाले, "रातभर टिपऱ्या खेळायच्या आन सकाळी डोळे मिटून बोट पानवेलीत घालायची, हे आता चालायचं नाय." तू सांगत होतास की इंजिन आधी बंद पडलं, पाणवेलीत बोट नंतर गेली, मधल्या पाण्यात पाणवेल नव्हतीच. कुणी ऐकेना. आणि मग मी उठले. मी म्हणाले, याच्या डोळ्यांवर झोप होती हे मी सकाळीच बघितलंय. मी म्हणाले, बोटीत साधा एक विळा ठेवायची याला अक्कल नाही, विळा असता तर दहा मिनिटांत कापून मोकळा झाला असता. घरचंच माणूस असं म्हणतंय म्हटल्यावर बाकीच्यांना बोलायची गरजच उरली नाही. तू मनगटातली लाल दोरी काढलीस, ओट्यावर ठेवलीस आणि निघून गेलास.

विळ्याचं आधी सांगते, कारण ते मला तेव्हाही माहीत होतं. बोटीतला विळा आदल्या संध्याकाळी मीच काढून नेला होता. खंडेनवमीला आपण विळे, खुरपी, फवारणीचा पंप सगळं मांडून पुजतो, आणि पुजलेलं हत्यार त्या दिवशी हातात घ्यायचं नाही. मी तो धुतला, हळदकुंकू लावलं आणि पाटावर ठेवला. पाण्याच्या मध्यावर तू फळीखाली हात घातला असशील आणि विळा नव्हता, तेव्हाच तुला कळलं असेल की तो कुठे आहे आणि कुणी नेलाय. बैठकीत मी विळ्यावरून तुझी अक्कल काढली, तरी तू ते बोलला नाहीस. तू माझी लाज राखलीस, आणि मी राखू दिली. मला वाटलं, विळा नसला तरी पाणवेलीत घातली ती यानेच ना. या एका वाक्यावर मी पाच महिने काढले.

आता मंगळवारचं. पंधरा दिवसांपासून इंजिन कण्हत होतं. तेल बघितलं तर दुधासारखं पांढरं. नाशिकच्या शेखर मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, गियरच्या तेलात पाणी शिरतंय, म्हणजे पंख्यामागचं सील कापलं गेलंय, पंखा पूर्ण उतरवून मागे बघा. आजवर आम्ही सगळं वरवरच कापत आलो होतो. मधला नट उघडायच्या फंदात कुणी पडलं नव्हतं, ना मी, ना जीवन. मी बोट काठाला ओढली, पीन सरळ करून काढली, दादांच्या ट्रॅक्टरचा पाना लावला. नट काही हलेना. पाय लावून ओढला तेव्हा सुटला आणि मी चिखलात बसले. जीवन बाजारात गेला होता, आजूबाजूला कुणी नव्हतं. बरं झालं, माझी तशी बसलेली अवस्था कुणी बघितली नाही. मग पंखा निघाला.

मागे, पंखा ज्यावर फिरतो त्या दांड्यावर, एक कडं बसलेलं होतं. बोटाएवढं जाड, वितळून चकचकीत झालेलं. मला वाटलं, मशीनचाच काहीतरी भाग असेल. चाकूच्या टोकाने उकललं तर दोरा. नायलॉनचा, जांभळा. वेढ्यांवर वेढे, आणि त्यांत दाबून गेलेला आंब्याच्या पानाचा देठ.

ज्ञानेश, वस्तीत जांभळ्या दोऱ्याच्या माळा फक्त मी करते. सुती दोरा बाजारात तुटतो म्हणून व्यापारी ओरडला, म्हणून मी नायलॉन आणायला गेले, आणि दुकानात जांभळाच उरला होता. तू चेष्टा केली होतीस की झेंडूला जांभळी नाडी घातली. त्या सकाळी तू आणि दादा वर क्रेट उचलत होतात तेव्हा मी बोटीची पूजा केली. ट्रॅक्टरला पुढे माळ बांधायला जागा असते. इंजिनाचं डोकं गुळगुळीत, माळ दोनदा घसरून खाली आली. माझी चिडचिड झाली. इंजिन वर उचललेलंच होतं, म्हणून मी झेंडूची आणि आंब्याच्या पानांची माळ खालच्या पायाला, अगदी पंख्याच्या वर, तीन वेढे देऊन पक्की बांधली. गाठ मारून ओढून बघितली. आणि तुझा वेळ वाचावा म्हणून इंजिन मीच पाण्यात सोडलं. तू धावत आलास, बसलास, दोरी ओढलीस. माळ तुला दिसायचा प्रश्नच नव्हता. नंतर पाण्यावर फुलं तरंगलीही असतील. पण झेंडूच्या चाळीस क्रेटमध्ये बसलेल्या माणसाने पाण्यात चार फुलं बघून काय समजायचं?

सुती दोरा असता तर पहिल्या झटक्यात तुटून गेला असता. माझा तुटला नाही. तो आत गेला, पंखा आवळला, सील कापलं. इंजिन आधी बंद पडलं, बोट मग पाणवेलीत गेली, जसं तू सांगत होतास अगदी तसं. जीवनने नंतर वरची पाणवेल कापली, पंखा फिरायला लागला, आणि माझा दोरा आत दडून राहिला. ज्या फुलांसाठी पाच घरं तुझ्यावर चिडली ती मीच कुजवली, आणि कापायचा विळाही मीच पळवला, आणि वर तुझीच अक्कल काढायला मीच उभी राहिले. इतकं करून मला फोन उचलत नाहीस म्हणून तुझाच राग यायचा. अशी तुझी वहिनी.

याच्याही पुढचं लिहिते. ते कडं मी कुणाला दाखवलं नाही. पदरात गुंडाळून आणलं आणि मसाल्याच्या डब्यामागे ठेवलं. संध्याकाळी दादांनी विचारलं, काय निघालं पंख्यात? मी म्हणाले, शेवाळ. त्यांच्याशी मी इतक्या वर्षांत असं सरळ तोंडावर खोटं बोललेले नाही. काल दिवसभर मी स्वतःला समजावत होते की झालं ते झालं, ज्ञानेशला शहरात महिन्याचा पगार आहे, बरंच आहे. फुलं गेली ती काही परत येत नाहीत. नव्याने वाद कशाला उकरायचा? आज सकाळी कडं कनवटीला लावून बोट काढली. मधल्या पाण्यात इंजिन बंद करून बसले आणि ते बाहेर काढलं. मुठीत धरून हात पाण्यात घातला होता. नवसाबाई समोर बसली होती. ती म्हणाली, "काय गं, परत अडकलं का काही?" मी हात बाहेर काढला. कडं माझ्याजवळ आहे.

तुला मी ओळखते, तू म्हणशील, मग सांग की रविवारी सगळ्यांसमोर, मला कशाला लिहितेस? तर ऐक. तुझ्यावर मी सगळ्यांसमोर ओरडले, तर हेही सगळ्यांसमोरच व्हायला हवं, हे मला कळतं. पण मला माझा भरवसा नाही. आजवर मी कुठेही, कुणापुढेही, माझं चुकलं असं म्हटलेलं नाही. तुझ्या दादांना विचार. ओट्यावर तात्या बसलेले असतील, बाया कुजबुजत असतील, आणि ऐन वेळी माझी जीभ मला धोका देईल, मी शेवाळच म्हणेन, हे मला आत्तापासून दिसतंय. टपालाने हे तिथवर वेळेत पोचायचं नाही, म्हणून उद्या पहाटे पाकीट चिकटवून बहिरूच्या हातात देते. तो फुलं घेऊन नाशिकला येतोच, तुझ्या गेटवर देईल. एकदा त्याची गाडी निघाली की मला ते परत घेता येणार नाही, आणि मला तेच हवं आहे. रविवारी दहाला ये. तुझ्यासाठी नको वाटत असेल तर माझ्यासाठी ये. मी उभी राहून बोलले तर हे पत्र खिशातच राहू दे. नाही बोलले, तर तू उभा राहा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाच, पहिल्या ओळीपासून माझ्या सहीपर्यंत. मी मान खाली घालून बसेन, पण हे खोटं आहे असं म्हणणार नाही.

तुझीच वहिनी,
उज्वला